पाऊल, माग आणि ठसा

काही परकीय शब्द पाहुण्यासारखे येतात. काही दिवस ओसरीवर बसतात, मग माजघरात येतात आणि पाहता पाहता घरचेच होऊन जातात. टेबल, स्टेशन, पेन, कप या शब्दांना आज कोणी परके म्हणणार नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असाच एक इंग्रजी शब्द आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे. तो म्हणजे ‘फूटप्रिंट’. मुलांच्या पर्यावरणाच्या पुस्तकांत तो भेटतो, वर्तमानपत्रांच्या स्तंभांत भेटतो, संगणकाच्या जाहिरातींतही भेटतो. कधी ‘कार्बन फूटप्रिंट’, कधी ‘वॉटर फूटप्रिंट’, तर कधी ‘डिजिटल फूटप्रिंट’, अशी त्याची नाना रूपे आहेत.

कोशात पाहावे तर अर्थ अगदी साधा. ‘फूट’ म्हणजे पाऊल आणि ‘प्रिंट’ म्हणजे दाबून उमटलेला ठसा. परंतु कर्बवायूला पाय कोठून आले, आणि पाण्याच्या पावलाचा ठसा कोठे उमटावयाचा, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारला, तर ‘इंग्रजीत तसेच म्हणतात’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे शिक्षकाला शोभत नाही, आणि आईबापांनाही शोभत नाही. शब्द ज्या वाटेने चालत आला, त्या वाटेने थोडे मागे गेल्यावाचून त्याचा अर्थ कळत नाही. म्हणून वाचकहो, आज या एका शब्दाचा मागोवा घ्यावयाचा आहे. हा ‘मागोवा’ शब्दसुद्धा पावलांच्या खुणांवरूनच आलेला आहे, हे पुढे ओघाने येईलच.

मराठीतले पाऊल

पावलाची खूण सांगण्यासाठी इंग्रजीला दोन शब्द जोडावे लागले. मराठीत ‘पाऊल’ हा एकटाच शब्द तीन कामे करतो. घोट्याखालचा पायाचा भाग ते पाऊल, चालताना एका वेळी तोडलेले अंतर तेही पाऊल, आणि मातीवर उमटलेली खूण तीही पाऊलच. ‘बाळाची पावले कोवळी आहेत’, ‘विहीर येथून वीस पावलांवर आहे’ आणि ‘अंगणात कोणाची तरी पावले उमटली आहेत’ ही तिन्ही वाक्ये आपल्या आजीच्या तोंडी सहज येत. अवयव, कृती आणि कृतीची खूण या तिन्हींना एकाच नावाने ओळखणारी ही भाषा आहे. चालणारा, चालणे आणि चालण्याचा परिणाम यांची ताटातूट तिने केलेली नाही.

या एका अवयवाभोवती मराठीने केवढा संसार मांडला आहे, ते पाहण्यासारखे आहे. आपण ‘आल्या पावली’ परत जातो, म्हणजे ज्या खुणा उमटवीत आलो त्यांच्यावरूनच माघारी फिरतो. वडिलांच्या ‘पावलावर पाऊल’ टाकतो. कोणाचे ‘पाऊल वाकडे पडते’, कोणाची वाट ‘पायाखालची’ असते. आदरणीय पाहुण्याला ‘आमच्या घरी एकदा पायधूळ झाडा’ म्हणून आपण विनवितो. त्यात अतिथीच्या पावलांची धूळसुद्धा घराला भूषणावह आहे, ही नम्रता आहे. एखादी नवी रीत सुरू करणे म्हणजे ‘पायंडा पाडणे’. पुष्कळांच्या पायांनी तुडवून पडलेली वाट तो पायंडा. पुढे रूढीला आणि प्रघातालाही तोच शब्द लागू झाला. न्यायालयातील पूर्वनिर्णयांविषयी बोलताना वकीलमंडळी हा शब्द सर्रास वापरतात, तेव्हा त्याच्या मुळाशी माळावरची एक पायवाट आहे, हे त्यांच्या मनात येत असेल की नाही, कोण जाणे!

या संसारात एक काळी बाजूही आहे. ‘पायगुण’ हा शब्द घ्या. घरात नवी सून आली आणि त्याच वर्षी सासऱ्याचे दुखणे बळावले, की तिच्या पायगुणाला बोल लागे. ‘पांढऱ्या पायाची’ हे विशेषण तर कित्येक निरपराध मुलींच्या आयुष्यात विष कालवून गेले. उंबऱ्यावरचे माप ओलांडून आत आलेल्या त्या बिचारीच्या पावलाचा आणि घरातील आजाराचा काडीचाही संबंध नसे. पण लोकांनी ती खूण आपल्या सोयीने वाचली. खूण उमटणे ही एक गोष्ट आणि ती खरेपणाने वाचणे ही दुसरी. हा भेद ध्यानात ठेवावा. या लेखात तो पुनःपुन्हा भेटणार आहे.

माग काढणारे

‘माग’ म्हणजे गेलेल्याच्या मागे राहिलेली खूण. चोराचा माग, हरवलेल्या गाईचा माग, श्वापदाचा माग. त्यावरूनच ‘मागोवा’ आला, आणि ज्याची एकही खूण उरली नाही त्याचा ‘मागमूस’ लागेनासा झाला. माग काढणे ही एके काळी विद्या होती आणि तिच्यावर पोट भरणारे लोक गावोगाव होते. गुजरात, कच्छ आणि सिंध या भागांत त्यांना ‘पगी’ म्हणत, कारण तिकडे ‘पग’ म्हणजे पाऊल. मातीवरच्या खुणा पाहून माणूस एकटा होता की बरोबर कोणी होते, त्याच्या डोक्यावर ओझे होते की तो रिकामा चालला होता, चालत होता की धावत होता, हे जाणता पगी सांगत असे. बनासकांठा जिल्ह्यातील रणछोडभाई रबारी हे या परंपरेतील अलीकडचे ख्यातनाम पगी. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्यांनी रणाच्या प्रदेशात आपल्या लष्कराला वाटाड्या म्हणून बहुमोल साह्य केले. २०१३ साली ते निवर्तले. बडोद्याकडील आपल्या वाचकांना हे नाव अपरिचित नसावे.

गंमत अशी, की आपण इंग्रजीकडून ‘फूटप्रिंट’ उसना घेतला, तर इंग्रजीने आपला ‘पग’ केव्हाच नेला आहे. वाघाच्या पावलाच्या ठशाला इंग्रज शिकारी ‘पगमार्क’ म्हणू लागले, तो हाच ‘पग’. शब्दांच्या बाजारात असे देणेघेणे चालतच असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

जुन्या ग्रामव्यवस्थेत मागाला केवळ कुतूहलाचे मोल नव्हते, त्याला न्यायाचे बळ होते. गावात चोरी झाली की जागल्याने किंवा रामोश्याने माग काढावयाचा आणि तो आपल्या शिवेबाहेर गेल्याचे दाखवून द्यावयाचे. माग पुढच्या गावाच्या हद्दीत शिरला की तो पुढे नेण्याची जबाबदारी त्या गावावर पडे. ज्या गावात माग थांबला, त्याने चोर तरी हजर करावा नाही तर नुकसान तरी भरून द्यावे, असा देशाच्या अनेक भागांतील रिवाज होता. हा रिवाज निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. दुबळ्यांवर त्यात अन्यायही होत असेल. पण त्याच्या बुडाशी असलेले तत्त्व मोठे मार्मिक आहे. खूण जेथवर नेते तेथवर जावे, मधेच थांबू नये, आणि जेथे ती पोहोचते तेथे जाब विचारावा, हे ते तत्त्व.

छत्तीस लाख वर्षांपूर्वीची वाट

मानवजातीच्या सर्वांत जुन्या पाऊलखुणांपैकी एक मालिका आफ्रिकेतील टांझानिया देशात लाएटोली या ठिकाणी आहे. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी तेथे ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर पाऊस शिंपडला, आणि त्या ओल्या राखेवरून आपले आदिपूर्वज चालत गेले. राख वाळून सिमेंटासारखी घट्ट झाली. तिच्यावर पुन्हा राखेचे थर बसले आणि ती पावले जपली गेली. १९७८ साली मेरी लीकी यांच्या तुकडीला ती सापडली. सुमारे २७ मीटर लांबीची ही वाट आहे आणि तिच्यावर सत्तरएक ठसे आहेत.

या ठशांनी शास्त्रज्ञांना एक मोठी गोष्ट सांगितली. माणसाचा मेंदू मोठा होण्याच्या आणि त्याच्या हाती दगडी हत्यारे येण्याच्या कितीतरी आधीच तो दोन पायांवर ताठ चालू लागला होता. हाडांच्या तुकड्यांवरून जो वाद रंगत होता, त्यात राखेत उमटलेल्या खुणांची साक्ष मोलाची ठरली. आणखी एक गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. त्या वाटेवर मोठी पावले आहेत नि त्यांच्या शेजारी लहान पावले आहेत. आणि अभ्यासकांच्या मते त्या मोठ्या पावलांत आणखी कोणी मागून पाय टाकीत गेला आहे. ‘पावलावर पाऊल टाकणे’ हा वाक्प्रचार आपण नीतिपाठात शिकवितो. बोलता येऊ लागण्याच्याही पूर्वी कोणी ते प्रत्यक्ष केले होते.

आज ते ठसे प्रवाशांना दिसत नाहीत. उघडे राहिले तर पाऊसवारा आणि झाडांची मुळे त्यांचा नाश करतील, म्हणून तज्ज्ञांनी ते पुन्हा मातीखाली झाकून ठेवले आहेत. चंद्रावर मात्र उलट. तेथे वारा नाही नि पाऊसही नाही. जुलै १९६९ मध्ये उमटलेले बुटांचे ठसे तेथे लक्षावधी वर्षे तसेच राहतील, असे शास्त्रज्ञ सांगतात. चंद्रावरील ठशाचे जे छायाचित्र घरोघर पोहोचले, ते पुष्कळांना नील आर्मस्ट्राँगच्या पावलाचे वाटते. वस्तुतः तो ठसा बझ ऑल्ड्रिनचा आहे. चंद्राच्या मातीचा पोत अभ्यासण्यासाठी त्याने मुद्दाम पाय रोवून तो उमटविला आणि त्याचे चित्र घेतले. खूण डोळ्यांसमोर असूनही ती कोणाची, हे ओळखण्यात जग असे फसते.

वाघाचा पंजा आणि कागदावरचे वाघ

खूण वाचण्यातील चूक केवढी महागात पडू शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात, आणि आपल्या मध्य प्रदेश-राजस्थानच्या परिसरात घडले आहे. १९७२ साली देशात व्याघ्रगणना झाली, तेव्हा वाघांची संख्या १,८२७ भरली. ओरिसातील वनाधिकारी सरोजराज चौधुरी यांनी बसविलेली पद्धत त्यासाठी वापरली होती. वाघाच्या मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर गिरवावयाचा, तो कागदावर उतरवावयाचा, प्लास्टरचा साचा घ्यावयाचा, आणि ठशाठशांतील फरकांवरून वाघ वेगळे करून मोजावयाचे. प्रत्येक वाघाचे पाऊल वेगळे आणि ते ओळखता येते, हा या पद्धतीचा पाया होता. अनुभवी वनरक्षकाच्या हाती ती उपयुक्तही होती.

परंतु तोच वाघ ओल्या चिखलात एक ठसा उमटवितो, कोरड्या धुळीत दुसरा. चढावर एक, उतारावर दुसरा. ठसा गिरविणारा हात बदलला की रेषा बदलते. उल्हास कारंथ यांच्यासारखे अभ्यासक हा दोष वारंवार दाखवून देत होते. तरीही वर्षानुवर्षे ठसे मोजले गेले आणि आकडे वर पाठविले गेले. अखेर राजस्थानातील सारिस्का येथे भांडे फुटले. २००४ च्या गणनेत तेथे सोळा-सतरा वाघ असल्याचे कागद सांगत होते. २००५ च्या आरंभी उघडकीस आले, की शिकाऱ्यांनी वाघ संपविले आहेत आणि तेथे एकही वाघ उरलेला नाही. मध्य प्रदेशातील पन्ना येथेही २००९ पर्यंत वाघ नाहीसे झाले, आणि त्याच वर्षी बांधवगड व कान्हा येथून वाघिणी आणून नव्याने सुरुवात करावी लागली.

सारिस्काच्या धक्क्यानंतर पद्धत बदलली. २००६ पासून वाटेवर स्वयंचलित कॅमेरे लावून वाघाच्या अंगावरील पट्ट्यांवरून त्याची ओळख पटविली जाते आणि तिला संख्याशास्त्राची जोड दिली जाते. पंजाचे ठसे आजही घेतले जातात. पण ते वाघ तेथे वावरतो एवढे सांगतात, किती आहेत ते नव्हे. पहिल्या नव्या गणनेत देशात अवघे १,४११ वाघ निघाले. आकडा कमी होता, पण खरा होता, आणि खऱ्या आकड्यावरच पुढची काळजी घेता आली. २०२२ च्या गणनेचा अंदाज ३,६८२ चा आहे. त्यांतील ७८५ एकट्या मध्य प्रदेशात आहेत. ठशाने वाघ मारले नाहीत, हे खरे. पण ठशावर विसंबून निर्धास्त राहिल्याने शिकाऱ्यांचे फावले, हेही तितकेच खरे.

पूजेतली पावले

पावलाच्या खुणेला भारतीय मनाने जे स्थान दिले, ते फारच थोड्या संस्कृतींनी दिले असेल. भोपाळजवळच्या सांचीला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. तेथील तोरणांवर बुद्धाची मूर्ती नाही. त्याच्या जागी वृक्ष आहे, चक्र आहे, रिकामे आसन आहे, आणि पावलांचे ठसे आहेत. पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरला आहे. त्यातील घोड्यावर स्वार दिसत नाही, केवळ त्याच्यावर धरलेले छत्र दिसते. आणि प्रवास संपतो तेथे सारथी छन्न दोन चक्रांकित पावलांसमोर नमला आहे. जो गेला, त्याची सारी महती त्या दोन खुणांत सामावली आहे. श्रीलंकेतील ‘श्रीपाद’ शिखरावरचा एकच ठसा बौद्धांना बुद्धाचा, हिंदूंना शिवाचा आणि मुसलमान व ख्रिस्ती भाविकांपैकी अनेकांना आदमाचा वाटतो, आणि सारे एकाच वाटेने तो डोंगर चढतात.

गयेचे विष्णुपद मंदिर असेच एका पावलाभोवती उभे आहे. काळ्या पाषाणावरील सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या त्या पदचिन्हाभोवती रुपेरी अष्टकोनी कठडा आहे, आणि पितरांना पिंड देण्यासाठी देशभरातून माणसे तेथे येतात. आजचे मंदिर इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधविले. गाणगापूरच्या निर्गुण पादुका, आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या आणि देहूहून तुकारामांच्या पालखीतून पंढरीला जाणाऱ्या पादुका, हीही त्याच भावनेची रूपे. व्यक्ती गेली तरी तिचे चालणे उरते, ही ती भावना.

आणि मंदिरापर्यंत कशाला जावे? भाद्रपदात गौरी येतात, तेव्हा दारापासून देवघरापर्यंत, स्वयंपाकघरापर्यंत, धान्याच्या कोठारापर्यंत रांगोळीची वा कुंकवाची पावले उमटविली जातात. गोकुळाष्टमीला मुठीची कड पिठात बुडवून आणि बोटांच्या टोकांनी पाच ठिपके देऊन बाळकृष्णाची इवलीशी पावले काढण्याची युक्ती कित्येक माउलींना येते. या पावलांत एक नियम कटाक्षाने पाळला जातो. ती नेहमी आत येणारी असतात. चुकून एखादी मुलगी उलट दिशेने काढू लागली की आजी लगेच टोकते. कोणाचे येणे हवे आहे, हे त्या दिशेनेच सांगावयाचे असते.

टेबलावरून पृथ्वीवर

आता आपल्या मूळ पाहुण्याकडे वळू. इंग्रजीतही या शब्दाने शतकानुशतके साधी चाल सोडली नव्हती. १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये निर्जन बेटावर वर्षानुवर्षे एकट्याने राहिलेल्या नायकाला वाळूत एका अनवाणी पावलाचा एकच ठसा दिसतो आणि तो भयाने गारठून जातो. तेथवर ठसा म्हणजे ‘कोणीतरी येथून गेले आहे’ एवढेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाचा अर्थ पसरू लागला. कृत्रिम उपग्रहाचे संदेश पृथ्वीच्या जेवढ्या प्रदेशावर पोहोचतात, त्या प्रदेशाला त्याचा ‘फूटप्रिंट’ म्हणू लागले. १९७५-७६ मध्ये एका अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने आपल्या देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविले गेले. त्यांत मध्य प्रदेश होता नि कर्नाटकही होता. आकाशातल्या त्या यंत्राचे पाऊल जणू त्या खेड्यांवर पडले होते. पुढे यंत्राने किंवा इमारतीने व्यापलेल्या जागेलाही हाच शब्द लागला. आपल्या गवंड्याला त्यासाठी उसन्या शब्दाची गरज पडत नाही. तो ‘जोत्याचे माप’ म्हणतो आणि काम भागते.

कॅनडातील प्राध्यापक विल्यम रीस हे माणसाच्या एकंदर उपभोगासाठी किती जमीन लागते, याचा हिशेब मांडीत होते. त्या कल्पनेला त्यांनी दिलेले पहिले नाव बोजड होते. असे सांगतात, की त्यांच्या नव्या संगणकाचा टेबलावरचा ‘फूटप्रिंट’ लहान आहे, अशी स्तुती तंत्रज्ञाने केली आणि त्यांना हवा तो शब्द मिळाला. १९९२ साली त्यांनी तो लेखात वापरला आणि आपले विद्यार्थी मॅथिस वॅकरनागेल यांच्यासह पुढे रूढ केला. आपण खातो ते धान्य, वापरतो ते लाकूड, नेसतो ते कापड आणि सोडतो तो धूर जिरविण्यास लागणारे रान, या सर्वांसाठी जी भूमी नि जे जल खर्ची पडते, तो आपला पृथ्वीवरचा पाय. या पद्धतीने हिशेब करणाऱ्यांच्या मते, आज मानवजात जे वर्षभरात वापरते ते भरून काढण्यास सुमारे पावणेदोन पृथ्व्या लागतील. आपल्याजवळ तर एकच आहे.

याच धर्तीवर २००२ मध्ये नेदरलँड्सचे आर्येन हुक्स्ट्रा यांनी पाण्याचा हिशेब मांडला. एका सुती सदऱ्यामागे, कापसाच्या शेतापासून रंगाच्या हौदापर्यंत, जागतिक सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी खर्ची पडते. सदरा वाळत घातला म्हणजे कोरडा होतो. पण हे पाणी त्यातून कधीच निथळत नाही.

‘कार्बन फूटप्रिंट’ची कथा अधिक उद्बोधक आहे. हा शब्द घराघरांत पोहोचविण्यात ब्रिटिश पेट्रोलियम या तेलकंपनीच्या जाहिरातींचा वाटा मोठा आहे. २००४ च्या सुमारास तिने प्रत्येकाला आपापला धुराचा हिशेब संगणकावर मांडून पाहण्याची सोय करून दिली. हिशेब वाईट नव्हता. पण तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला ‘आधी आपल्या पायाखाली बघ’ म्हणावे, यातील चातुर्य टीकाकारांच्या नजरेतून सुटले नाही. येथे मला ग्रामव्यवस्थेतील तो जुना रिवाज आठवतो. माग मधेच सोडून चालत नाही. तो घरातल्या दिव्यापर्यंत येतो हे खरे, पण तेथून वीजकेंद्राकडे, खाणीकडे, तेलविहिरीकडे आणि सरकारी धोरणाकडेही जातो. एका देशात कापड विणताना झालेला धूर दुसऱ्या देशात सदरा घालणाऱ्याच्या शिवेत जाऊन पोहोचतो. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, अमेरिकी माणसामागे सुमारे १४ टन. माग काढावयाचा तर सर्वांचा, आणि भार वाटावयाचा तर पावलाच्या मापाने, हाच न्याय होय.

‘डिजिटल फूटप्रिंट’विषयी पालकांना एकच सांगावेसे वाटते. वाळूवरची खूण भरतीने पुसते, रांगोळीची पावले दुसऱ्या दिवशी केरसुणीने निघतात. पण मोबाइलवर मुलांनी, आणि मुलांविषयी आपण, जे टाकतो त्याचा ठसा सहजी निघत नाही. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यात आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क आहे. तरीही ठसा उमटण्याआधी विचार करणे हे पुसण्यापेक्षा केव्हाही सोपे.

प्रतिशब्दाचा प्रश्न

मग या शब्दाला मराठीत काय म्हणावे? ‘पाऊलखूण’ शब्द सुरेख आहे, पण त्यात ओढ आहे, माया आहे. गेलेल्या माणसाची आठवण त्यात दाटते. ‘कार्बनच्या पाऊलखुणा’ म्हटले की धुराविषयी जिव्हाळा वाटू लागावा, हे विपरीत होय. ‘पदचिन्ह’ देव्हाऱ्यात शोभते. ‘ठसा’ त्यातल्या त्यात तटस्थ आहे. पण ‘त्याने आपला ठसा उमटविला’ म्हणजे गौरवच. इंग्रजीत आज ‘फूटप्रिंट’ लहान असणे हे भूषण मानतात. मराठीत ठसा खोल उमटावा, अशीच आपली इच्छा असते. दोन भाषांची मने अशी वेगवेगळी वळणे घेतात.

माझ्या अल्पमतीप्रमाणे या कामी ‘माग’ हा शब्द अधिक योग्य आहे. ‘कर्बाचा माग’, ‘पाण्याचा माग’. त्यात खूणही आहे, खुणेमागून जाण्याचा आग्रहही आहे आणि शेवटी जाब विचारण्याचा अधिकारही. हा शब्द रूढ होईल की ‘फूटप्रिंट’च टेबलासारखा घरचा होईल, ते बोलणारेच ठरवतील. उसना शब्द वापरण्यात कमीपणा नाही. मात्र उसन्या शब्दाच्या येण्याने आपले पाऊल, माग, ठसा, खूण, पायंडा हे बारीक भेद विसरून सर्वांसाठी एकच ‘फूटप्रिंट’ म्हणण्याची वेळ आली, तर ते नुकसान मोठे असेल. आपण, महाराष्ट्राबाहेरच्या घरांनी, याची अधिक काळजी करावयास हवी. आपली मुले शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू बोलतात, आणि तसे असणे योग्यच आहे. मराठी शब्द त्यांच्या कानी पडण्याची जागा बहुधा एकच असते, ती म्हणजे आपले घर.

आपल्या मागे काय उरते

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर गेला, तेथे त्याच्या खुणा जुन्या आहेत. कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायाशीच मराठीतील आद्य लेखांपैकी एक कोरलेला आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. महेश्वरला नर्मदेचे घाट आहेत. या खुणांचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु त्यांतील काही राजसत्तेच्या खुणा आहेत, आणि मराठी फौजांची पावले सर्वत्र सुखाने आठवली जात नाहीत, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे. बंगालमध्ये ‘बर्गी’ हा शब्द आजही अंगाईगीतांतील भीतीचा शब्द आहे.

म्हणून ज्या खुणा त्या त्या भूमीच्या लोकांच्या उपयोगी पडल्या, त्या मला अधिक मोलाच्या वाटतात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. त्या शाळांत बहुसंख्य मुले गुजराती होती आणि ती गुजराती अक्षरे गिरवीत होती. गयेच्या मंदिरात पिंड ठेवणाऱ्या शंभरांतील नव्वदांना ते कोणी बांधले हे ठाऊकही नसेल. पाऊल असेच असावे. चालणाऱ्याचे नाव पुसले गेले तरी वाट मागून येणाऱ्याच्या उपयोगी पडावी.

आपल्यासारख्या सामान्य गृहस्थाला मंदिर बांधावयाचे नाही की राज्य चालवावयाचे नाही. आपल्या हाती एवढेच आहे. येत्या भाद्रपदात गौरींची पावले काढताना रांगोळी नातवंडांच्या हाती द्यावी. ती आत येणारीच का काढावयाची, ते सांगावे. ‘आल्या पावली’ म्हणजे काय, ‘माग’ म्हणजे काय, ‘पायगुण’ म्हणून कोणाला का दुखवू नये, हेही ओघात सांगावे. त्यांच्या पुस्तकातला ‘फूटप्रिंट’ त्यांच्याकडून समजून घ्यावा, आणि आपल्या घरातल्या दिव्यांचा नि पाण्याचा हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडावा. माळावरची पायवाट कोणी आखलेली नसते. ती रोजच्या येण्याजाण्याने पडते, आणि येणेजाणे थांबले की एकाच पावसाळ्यात तिच्यावर गवत माजते. घरातल्या भाषेचेही तसेच आहे.